छातीचा जुना फोटो

आमच्या मुलचेऱ्यात खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो, कारण इथे तापाचा अर्थ मलेरिया असू शकतो हे लहान पोरालाही ठाऊक आहे. साप चावला, पाय मोडला, तरी लोक धावतात. खोकला मात्र घरातल्या माणसासारखा राहतो. हिवाळ्यात थंडीचा, उन्हाळ्यात धुळीचा, पावसाळ्यात ओल्या लाकडांच्या धुराचा. अडुळशाचा काढा, आलं-मध, मेडिकलमधून औषधाची एक बाटली, आणि मग "होऊन जाईल बरा." होऊन जाईल म्हणता म्हणता दोन महिने निघून जातात.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातला, जंगलपट्ट्यातला तालुका. मूळचे गोंड-माडिया, तेलुगू बोलणारे लोक, पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली आणि इथे वसवलेली बंगाली कुटुंबं, आणि कपडा, किराणा, शिलाई, तेंदूपत्ता अशा निमित्ताने येऊन स्थिरावलेली आमच्यासारखी मोजकी मुसलमान घरं. माझे अब्बा शिंपी. गिऱ्हाईक ज्या भाषेचं, त्या भाषेत ते माप सांगतात. माणसाच्या छातीचं माप बाहेरून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. छातीच्या आत काय चाललंय हे बघायला मात्र गाव सोडावं लागतं.

एक्स-रेला आमच्याकडे "छातीचा फोटो" म्हणतात. चांगला फोटो आणि तो नीट वाचणारा डॉक्टर, दोन्ही एका ठिकाणी हवे असतील तर अहेरी गाठायचं, नाहीतर आष्टीवरून चामोर्शी-गडचिरोली, नाहीतर आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस. म्हणून मी जेव्हा "फोटो काढून घ्या" असं गावात कुणाला सांगतो, तेव्हा समोरून पहिला प्रश्न येतो, "पण काढायलाच पाहिजे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपत नाही.

लहान मुलांच्या खोकल्यापुरतं या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्याने जगाला दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियावर काम केलं. न्यूमोनियाने पोरं मरत होती आणि एक्स-रे मशीन कित्येक मैल दूर होती. त्यांनी गावातल्याच माणसांना, निरक्षर दाईंनासुद्धा, मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी असलेलं साधं साधन केलं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल आणि खोकला असेल, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जिथे हे काम झालं त्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. फोटो न काढता.

मी हे मुद्दाम आधी सांगतो, कारण प्रत्येक खोकल्याला मशीनपुढे उभं करायचं असं माझं म्हणणं नाही. मुलाचा न्यूमोनिया घाईचा आजार आहे. तिथे फोटोसाठी बस शोधत बसलं तर मूल हातचं जाईल. सर्दीनंतर आठ-पंधरा दिवस राहणाऱ्या साध्या खोकल्यालाही फोटोची गरज बहुधा नसते. पण मोठ्या माणसाचा, महिनोन्महिने चिकटून बसलेला खोकला वेगळा. तिथे श्वास मोजून भागत नाही.

डॉक्टर लोक दोन मुदती सांगतात, त्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची शंका घ्यायची, म्हणजे थुंकी तपासायची आणि फोटो काढायचा. आणि मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपलीकडे गेला तर त्याला जुनाट खोकला म्हणतात. त्याचं कारण शोधताना बाकी तपासण्यांआधी, माणसाची नीट विचारपूस झाल्यावर, छातीचा एक साधा फोटो हवाच. थुंकीत रक्त, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, आवाज बसणं, दम लागणं, किंवा चाळिशीपुढच्या बिडी ओढणाऱ्याचा खोकला अचानक बदलणं, यातलं काही असेल तर मुदती मोजत बसायचं नाही.

हा फोटो म्हणजे नेमकं काय? १८९५च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रोंटगेनला ही किरणं सापडली. तत्त्व साधं आहे. किरणं हवेतून आरपार जातात, हाडात अडतात. म्हणून हवेने भरलेलं फुप्फुस काळं दिसतं, बरगड्या आणि हृदय पांढरं. जिथे काळं असायला हवं तिथे पांढरं दिसलं की लोक म्हणतात "डाग आहे". इथेच सगळा घोळ सुरू होतो. कारण फोटो म्हणजे सावल्यांचं चित्र. सावली कुठे आहे, केवढी आहे हे तो सांगतो, पण ती कुणाची आहे हे तो एकटा सांगू शकत नाही. क्षयाचा डाग, न्यूमोनियाचा डाग, गाठीचा डाग आणि वीस-तीस वर्षांपूर्वी भरून निघालेल्या जखमेचा वण, हे सगळे पांढरेच.

अब्बांना १९९४ साली टीबी झाला होता. त्या वेळी औषधं लांबलचक चालत. त्यांनी दीड वर्ष सुया आणि गोळ्या घेतल्या, एकही खाडा न करता. अम्मी दुकानातल्या कॅलेंडरवर रोज खडूच्या पेन्सिलीने रेघ मारायची, कापडावर मारतात तशी. ते बरे झाले. त्यांचा तेव्हाचा फोटो, मोठ्या खाकी लिफाफ्यातली ती काळी फिल्म, अम्मीने लोखंडी पेटीत निकाहनाम्याच्या आणि घराच्या कागदांच्या खाली ठेवून दिली. १९९५च्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण होतं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी ती फिल्म मागितली होती. त्या काळी जो तो एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघायचा. (तसं बघणं डोळ्यांना घातक असतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.) अम्मीने दिली नाही. म्हणाली, "ये तमाशे की चीज नहीं है."

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर अब्बांचा खोकला पुन्हा सुरू झाला. सकाळी उठल्यावर जास्त, वाटीभर पिवळा कफ, कधीतरी त्यात रक्ताची बारीक रेघ. सत्तरीतला माणूस. रक्ताची ती रेघ त्यांनी महिनाभर कुणाला दाखवली नाही. अम्मीला कळली ती रुमाल धुताना. मी चंद्रपूरला नोकरीला आहे. तिचा फोन आला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "वही बीमारी फिर आ गई."

आधी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर अर्धा मिनिट धरला आणि सांगितलं की टीबी परत आला आहे, आजपासून गोळ्या सुरू करा. थुंकी तपासायची गोष्ट निघाली नाही. घरात सन्नाटा. अब्बांनी त्याच रात्री स्वतःचं ताट-पेला वेगळा केला आणि नातवाला जवळ घेणं बंद केलं. नातू दारात उभा राहून विचारत होता, दादाजान रागावलेत का.

क्षयाच्या गोळ्या म्हणजे जीव वाचवणारं औषध, यात शंका नाही. पण ज्याला क्षय नाही त्याला सहा महिने त्या खायला घालणं म्हणजे म्हातारपणी लिव्हरवर विनाकारण ओझं टाकणं. आणि खरा आजार तसाच आत राहतो. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी अब्बांना चंद्रपूरला आणलं. येताना अम्मीने तो खाकी लिफाफा पिशवीत टाकला.

इथल्या डॉक्टरांनी आधी अब्बांना बसवून अर्धा तास विचारलं. धंदा कोणता, बिडी किती वर्षं, घरात चूल की गॅस, पूर्वी काय झालं होतं, वजन किती उतरलं, बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. १९९४ची आणि आताची. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की फोटो कसा वाचतात. जुन्या फोटोतला डाग ढगासारखा, कडा विस्कटलेल्या. नव्या फोटोत त्याच जागी कडक रेघा, तिथलं फुप्फुस आकसून वर गेलेलं, आणि श्वासनलिका त्या बाजूला ओढली गेलेली. डॉक्टर म्हणाले, "चाचा, कापड जळाल्यावर कसं गोळा होतं? तसं आहे हे. जुन्या जखमेचा वण आहे. पण वणाच्या आड नवीन काही नाही ना, हे फोटोवर मी सांगू शकत नाही. थुंकी सांगेल." शिंप्याला याहून चांगलं कुणी समजावलं नसतं.

थुंकीची ट्रूनॅट तपासणी झाली. जंतूचा अंश शोधणारी ही छोटी मशीन गोव्यातल्या कंपनीची आहे, आणि आता अनेक तालुक्यांच्या दवाखान्यांपर्यंत पोचली आहे. निकाल आला, टीबी नाही. तरी डॉक्टरांनी थुंकी कल्चरलाही पाठवली. त्याला काही आठवडे लागतात, पण जिवंत जंतू असेल तर तिथे उगवतो. तिथेही काही उगवलं नाही. मग छातीचा सीटी स्कॅन झाला आणि साध्या फोटोत जे धूसर होतं ते उघड झालं. जुन्या क्षयाने त्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल झाल्या होत्या. त्यात कफ साचतो, सडतो, जंतू वाढतात, कधी रक्त येतं. या आजाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. तो पुरता जात नाही, पण आटोक्यात राहतो. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक बाजूवर झोपून, दीर्घ श्वास घेऊन कफ बाहेर काढायचा, दाह वाढला तर तेवढ्यापुरतं औषध, आणि वेळेवर लसी.

कल्चरचा निकाल आला त्या दिवशी अम्मीने काही न बोलता अब्बांचं ताट परत सगळ्यांच्या दस्तरखानावर मांडलं. आज अब्बा खोकत नाहीत असं नाही. पण कशामुळे खोकतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे. एवढ्याने किती फरक पडतो हे ज्याच्या घरात असं झालंय त्यालाच कळेल.

आता दुसरी बाजू. फोटो साफ आला म्हणजे सुटलो, असंही नसतं. माझ्या आपाला चार महिने कोरडा खोकला होता. फोटो साफ. थुंकी निघतच नव्हती. सासरी म्हणायला लागले, बहाणे करते. शेवटी एका डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांचं पाकीट बघायला मागितलं. बीपीसाठी रामिप्रिल चालू होती. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना चिवट कोरडा खोकला येतो. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. (गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बदल डॉक्टरच करतील.) दमा, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, पोटातलं आम्ल वर येणं, ही जुनाट खोकल्याची फार नेहमीची कारणं आहेत आणि या सगळ्यांत छातीचा फोटो बहुधा साफ असतो. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आमच्या बायकांच्या छातीत धुराने बिघाड होतो, तोही सुरुवातीला फोटोत दिसत नाही. त्यासाठी फुंकर मारून श्वासाची ताकद मोजणारी तपासणी लागते.

मग साफ फोटोचा उपयोग काय? उपयोग असा की मोठी, जीवघेणी कारणं बऱ्याच अंशी बाजूला होतात आणि डॉक्टर निवांतपणे बाकीची शोधू शकतात. साफ फोटो म्हणजे "तुला काही झालं नाही" असं सर्टिफिकेट नव्हे. आपाच्या सासरच्यांनी तेच समजून घेतलं होतं.

तिसरी चूक शहरातले आपले नातेवाईक करतात. ते म्हणतात, साधा फोटो कशाला, थेट सीटी स्कॅनच करून टाका, पैसे जाऊ देत. साध्या फोटोतून मिळणारी किरणं फार थोडी असतात. दहा दिवसांत आपल्याला निसर्गातून जेवढी मिळतात तेवढी, किंवा त्याहून कमी. सीटीला त्याच्या कित्येक पट, म्हणजे निसर्गाच्या एक-दोन वर्षांच्या हिशेबाची किरणं लागतात. कारण असेल तर ती घ्यावीत, अब्बांच्या वेळी कारण होतं. फोटोत शंका असेल, रक्त पडत असेल, सगळे उपाय करूनही खोकला जात नसेल, तेव्हा सीटी. पहिल्याच पायरीवर नाही. आणि बाईला दिवस गेल्याची शक्यता असेल तर कोणत्याही फोटोआधी ते सांगायचंच.

तरीही साध्या फोटोचं मोल मी कमी मानत नाही, आणि त्याचं कारण एका आकड्यात आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के असे होते की छातीचा फोटो काढला नसता तर ते सुटून गेले असते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी खोकला आहे असंही सांगितलं नसतं. म्हणजे आजार आत, माणूस बाहेर कामावर, आणि घरात लहान मुलं. म्हणूनच आता फोटो काढायची मशीन माणसाकडे येऊ लागली आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत सरकारने क्षयाची १०० दिवसांची मोहीम घेतली, त्यात हातात धरता येणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या मशीन वापरल्या. फोटो वाचायला डॉक्टर नसेल तिथे संगणक पहिली चाळणी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरच्यांसाठी त्याला मान्यता दिली, आणि अशी प्रणाली करणाऱ्यांत मुंबईची एक कंपनीही आहे. जंगलपट्ट्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण संगणकसुद्धा सावलीच बघतो. तो शंका घेतो, निकाल थुंकीचाच.

अशा शिबिरात आपली माणसं किती येतात, हे मी बघितलं आहे. आमच्या शेजारच्या बंगाली काकीमा सगळ्यात आधी रांगेत. माडिया म्हातारे येतात. आपल्या घरातल्या मुली मात्र येत नाहीत. आईच येऊ देत नाही. लग्न ठरायचंय, कुणी बघितलं तर काय म्हणेल. मी अशी एक मुलगी ओळखतो जिचा खोकला लग्न होईपर्यंत "ॲलर्जी" होता आणि लग्नानंतर टीबी निघाला. तोवर आजार दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. ती वाचली, तिचं घर वाचलं नाही. ज्या आईने लपवलं तिच्याच दारात ती परत आली.

हे लपवणं आपल्या दीनमध्ये कुठे आहे? उपचार करा ही शिकवण तर हदीसमधून आलेली. आजारी माणसाला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे. वैद्यकाच्या इतिहासात इब्न सिनाचं नाव आपण अभिमानाने घेतो. क्षय एकाकडून दुसऱ्याला लागतो असं हजार वर्षांपूर्वी मांडणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. आणि त्याच्या नावाने छाती फुगवणारे आपण, छातीचा फोटो काढायला लाजतो. तकदीर आहेच. पण उंट बांधून मग तवक्कुल करायचा असतो.

ज्या बहिणींना पडद्याची अडचण वाटते त्यांना सांगतो, बाई टेक्निशियन आहे का हे विचारण्यात गैर काही नाही. बऱ्याच ठिकाणी असतात. जाताना बिनजरीचा, बिनहुकाचा साधा सुती कुर्ता घालून जा. जर, टिकल्या, हूक, साखळी, ताबीज, सगळ्याची सावली फोटोत येते. अब्बांच्या पहिल्या फोटोत त्यांच्या गळ्यातला चांदीचा ताबीज बरगड्यांमध्ये लखलखीत पांढरा उमटला होता, म्हणून तो पुन्हा काढावा लागला. ताबीज काढताना ते जरा थबकले. टेक्निशियन पोरगा माडिया होता. त्याने तो स्वतःच्या रुमालात गुंडाळून हातात धरून ठेवला आणि फोटो झाल्यावर परत दिला. लांब वेणी असेल तर ती डोक्यावर बांधा. खांद्यावर पडलेली वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी डागासारखी दिसू शकते, आणि नेमकी तीच क्षयाची आवडती जागा आहे. छाती भरून श्वास घ्या, रोखा म्हटलं की रोखा. फोटो बिघडला तर पुन्हा किरणं, पुन्हा खेप.

आणि टीबी निघालाच, तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत खुराकासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होती. औषध नीट लागू पडलं की संसर्गाचा धोका लवकर उतरतो. ताट-पेला वेगळा करायचं तर कारणच नाही, हा आजार ताटातून लागत नाही, हवेतून लागतो. घरात खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, आणि माणसाला माणसांत बसू द्या.

शेवटची विनंती जुन्या फिल्मची. आता बऱ्याच ठिकाणी फिल्म देत नाहीत, मोबाइलवर फोटो पाठवतात. तो फोन हरवला की गेला. तेव्हा तारीख आणि नाव घालून दोन ठिकाणी ठेवा, रिपोर्टचा कागद जपा. घरात कुणाला कधीही टीबी, न्यूमोनिया, छातीत पाणी झालं असेल तर बरं झाल्यावरचा एक फोटो काढून ठेवता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. पुढच्या डॉक्टरला वण आणि जखम यातला फरक त्यावरूनच कळेल. निकाहनामा ठेवता त्या पेटीत त्यासाठी जागा निघेल.